भोंगा बदनाम, वॅट मोकाट

घरच्या घरी स्पीकर बांधायला निघालेला माणूस दुकानात शिरला की त्याला पहिला प्रश्न विचारला जातो, ‘किती वॅट?’ दुसरा, ‘किती इंची?’ आपल्याकडचा बराचसा व्यवहार या दोन प्रश्नांवरच चालतो. दोन्ही प्रश्न चुकीच्या जागी उभे आहेत. त्यांची उत्तरं देता-घेता ग्राहकाचा पैसा, कारागिराची मेहनत आणि ऐकणाऱ्याचे कान असं तिहेरी नुकसान होतं.

वॅटचा आकडा सांगतो की जळण्याआधी स्पीकर किती वीज पचवेल. आवाज किती देईल, हे तो सांगत नाही. त्यासाठी संवेदनशीलता पाहावी लागते: एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल. एक स्पीकर ८७ डेसिबलचा आणि दुसरा ९७ डेसिबलचा असेल, तर तितकाच आवाज काढायला पहिल्याला दहापट वीज लागते. म्हणजे दुसऱ्यावर १० वॅट जे करतात, ते पहिल्यावर करायला १०० वॅट ओतावे लागतात. ही वीज जाते कुठे? ९२ डेसिबलचा साधा स्पीकर शंभरातला जेमतेम एक भाग आवाजात बदलतो. उरलेले नव्व्याण्णव भाग कॉइल तापवतात. आपण वॅट विकत घेतो, म्हणजे बहुतेक वेळा उष्णता विकत घेतो.

हा हिशेब शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांना नीट ठाऊक होता, कारण त्यांच्याकडे वॅटच नव्हते. १९२६मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकने ५५५ हा कॉम्प्रेशन ड्रायव्हर आणला, तेव्हा मोजक्या वॅटच्या अॅम्प्लिफायरवर आख्खं थिएटर भरायचं होतं. ते काम कर्ण्याने केलं. ड्रायव्हरचा छोटा पडदा हवेला जोराने ढकलतो, पण मोकळ्या हवेत त्याची पकड बसत नाही. अरुंद गळ्यापासून हळूहळू रुंदावणारा कर्णा ती पकड मिळवून देतो. १९४६मध्ये पॉल क्लिप्श यांनी घराच्या कोपऱ्यात बसणारा क्लिप्शहॉर्न विकायला काढला, तोही याच तत्त्वावर. त्याची संवेदनशीलता शंभर डेसिबलच्या वर होती.

मग आपल्याकडे कर्णा म्हटलं की लोक नाक का मुरडतात? कारण आपण पाहिलेला कर्णा म्हणजे भोंगा. मशिदीच्या मिनारावरचा, देवळाच्या कळसाशेजारचा, निवडणुकीच्या रिक्षावरचा. तो आतल्या आत दुमडलेला असतो, तोंड लहान असतं, आणि साधारण ३०० हर्ट्झच्या खाली त्यातून फारसं काही येत नाही. बोललेला शब्द लांबवर पोचवायचा, एवढ्यासाठीच तो घडवला आहे आणि ते काम तो चोख करतो. काळी एक पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो. तो भोंग्यात सापडणार नाही. पण म्हणून ‘हॉर्न म्हणजे कर्कश’ असा फतवा काढणं म्हणजे टेम्पोत बसून मोटारींबद्दल मत बनवण्यासारखं आहे.

महागड्या हाय-फायच्या वर्तुळात हा तुच्छतेचा सूर फार चालतो. त्याचंच दुसरं टोक म्हणजे जुन्याचे भक्त. चोरबाजारातून थिएटरचा जुना हॉर्न आणायचा, त्याला लाखमोलाचा मानायचा आणि त्याची मापं विचारणाऱ्याला अडाणी ठरवायचं. दोघांनाही विज्ञानाशी घेणंदेणं नाही. घातांकी वक्राचा जुना कर्णा वरच्या सुरांना टॉर्चच्या झोतासारखा अरुंद करत जातो. त्या वक्रात पवित्र असं काय आहे, हा प्रश्न डॉन कील यांनी १९७५मध्येच विचारला होता. पुढे अर्ल गेडीस यांनी १९८९पासून वेव्हगाइडचा सिद्धांत मांडला. कर्ण्याचं मोठं काम आवाज वाढवणं नसून आवाजाला दिशा देणं आहे, हे त्यानंतर स्पष्ट झालं. आजचा चांगला कर्णा ९० अंशांत वरचे-खालचे सूर सारखे पसरवतो.

इथे निवडीचा खरा प्रश्न सुरू होतो. वूफरचा आवाज जसजसा उंच सुरांत जातो, तसतसा तो अरुंद होतो. तरंगलांबी कोनच्या व्यासाइतकी झाली की तो ढोबळमानाने ९० अंशांवर येतो. बारा इंची वूफरच्या बाबतीत हे १३०० हर्ट्झच्या आसपास घडतं. म्हणून ९० अंशांचा कर्णा त्याला तिथेच जोडायचा. तोंड साधारण वूफरइतकंच रुंद घ्यायचं, म्हणजे कर्णा त्या पट्ट्यात दिशा सांभाळू शकतो. सहा इंची चिमुकला कर्णा तिथे ही दिशा धरू शकत नाही. त्याला जबरदस्तीने खाली उतरवलं की तो किंचाळतो, आणि शिव्या मात्र साऱ्या कर्ण्यांच्या जातीला पडतात.

हा सांधा चुकला तर काय बिघडतं? मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी ऐका. शिकलगार घराण्यांतल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या घासून-घासून साधलेली ती जवारी म्हणजे खालच्या स्वरावर उमटणारी वरच्या स्वरांची झालर. त्यातला अर्धा भाग वूफरमधून येणार, अर्धा कर्ण्यातून. दोघांचा पसारा जुळला नाही, तर समोरून येणाऱ्या आवाजाचा रंग एक आणि भिंतींवरून परतणाऱ्या आवाजाचा दुसरा. मग जवारीचा धागा तुटतो. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी ज्या मिरजेत आयुष्याचा मोठा काळ काढला, तिथल्या वाद्याचा सूर ‘५००० वॅट’ लिहिलेल्या पेटीत मरतो, आणि आपण म्हणतो रेकॉर्डिंग जुनं आहे.

वूफर निवडताना इंच नव्हे, कागद वाचा. थीएल आणि स्मॉल यांनी दिलेले आकडे त्यावर असतात: एफएस, क्यूटीएस, व्हीएएस. क्यूटीएस ०.३ ते ०.४ असेल तर पोर्टवाली पेटी जमते. पेटीचं घनफळ व्हीएएसवरून निघतं, सुताराच्या अंदाजावरून नाही. कागदच नसलेला वूफर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. वरचा ड्रायव्हर एक इंची गळ्याचा पुरतो. कर्ण्यावर तो वूफरपेक्षा सुमारे दहा डेसिबल जोरात बोलतो, म्हणून त्याच्यापुढे रेझिस्टर लावून त्याला खाली आणावं लागतं, आणि संरक्षणाला कंडेन्सर लागतोच. ९५ डेसिबलची अशी पेटी एका वॅटमध्ये तीन मीटरवर सुमारे ८५ डेसिबल देते. त्यात घरच्या ड्रायव्हरच्या वाट्याला वॅटचा छोटासा अंश येतो. मग शंभर वॅटचा, मोठ्या नावाचा ड्रायव्हर कुणाला मिरवण्यासाठी?

कर्ण्यालाही मर्यादा आहेत. ४० हर्ट्झसाठी मोकळ्या जागेत त्याचं तोंड पावणेतीन मीटर व्यासाचं लागेल. म्हणून घरात खर्जाला साधी पेटी आणि वर कर्णा, हाच शहाणपणाचा मेळ. टेबलावर हाताच्या अंतरावरून ऐकायचं असेल तर लहान बंद पेटीच बरी.

हे सगळं मी आपल्या मोहल्ल्यांतल्या पोरांसाठी लिहितोय. मोटार वाइंडिंग, कॉइल भरणं, सुतारकाम, सोल्डरिंग हे हुनर त्यांच्या हातात आहेत. ते हात आज लागतात कशाला? डीजेची भिंत उभारायला. गणपतीची मिरवणूक असो की ईद-ए-मिलादचा जुलूस, मागणी एकच: छाती हादरली पाहिजे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा सन २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घातली आहे. ती आपण सारेच मिळून पायदळी तुडवतो, आणि त्या भिंतीशेजारी रात्रभर उभं राहून आपला कान गमावतो तो गरिबाचा पोरगा.

त्याच हातांना मोजपट्टी, एक मोजणीचा मायक्रोफोन आणि वूफरचा कागद वाचण्याची सवय द्या. गल्लीतल्या उस्तादाने शागीर्दाला ‘किती वॅट’ऐवजी ‘किती अंश, किती हर्ट्झवर’ असं विचारायला शिकवावं. एवढं जरी झालं तरी परदेशी पेट्यांना टक्कर देणारं काम आपल्या गल्लीत होईल. जवारी घासणाऱ्या कारागिराला वॅट कधीच लागले नव्हते. त्याच्याकडे कान होता आणि धीर होता. पेटी बांधणाऱ्याला याच्या जोडीला फक्त एक फूटपट्टी हवी.