मेट्रोजवळचा वन बीएचके नक्की कुणाला परवडतो?

कोथरूड किंवा कर्वे रोडला भाड्याचं घर शोधत असाल, तर 'मेट्रोपासून पाच मिनिटं' हे वाक्य एव्हाना तुमचं पाठ झालं असेल. ६ मार्च २०२२ला वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली, २०२३च्या ऑगस्टमध्ये ती रुबी हॉलपर्यंत गेली आणि २०२४च्या मार्चमध्ये रामवाडीपर्यंत. प्रवास सोपा झाला, पण त्या सोयीची किंमत घरमालक भाड्यात लावतो. मग आपल्या हातात काय उरतं?

हिशोब करून बघू. समजा, स्टेशनजवळच्या वन बीएचकेचं भाडं २१ हजार आहे आणि लांबच्या घराचं १५ हजार. तिघांत वाटलं तर डोक्यामागे सात हजार आणि पाच हजार. मेट्रोला जाऊन-येऊन ४० रुपये धरले, तर २५ दिवसांचे हजार रुपये. म्हणजे जवळच्या घराचा खर्च आठ हजार. लांबच्या घरातून बाईकने रोज २४ किलोमीटर झाले, तर महिन्याचं पेट्रोल साधारण १,३०० रुपयांचं. म्हणजे एकूण ६,३००. स्वस्त पडलं ते लांबचंच घर!

पण थांबा. ही बाईक आली कुठून? ती घरून आणलेली असेल तर लांबचं घर खरंच फायद्याचं. नवी घ्यायची असेल आणि हप्ता अडीच हजारांचा असेल, तर तोच खर्च ८,८०० होतो, सर्व्हिसिंग आणि विमा वेगळाच. थोडक्यात, मेट्रोजवळचं घर तेव्हाच परवडतं, जेव्हा त्यामुळे गाडी घेणं टळतं. जास्त भाडंही भरताय आणि खाली बाईकही उभी आहे, तर एकाच सोयीचे दोनदा पैसे जातायत.

अंतर दोन्ही टोकांना मोजा. घराजवळ स्टेशन आहे, पण कॉलेज स्टेशनपासून दोन किलोमीटरवर असेल, तर रोजची रिक्षा सगळं गणित बिघडवते. रात्री उशिरा सुटणारा क्लास किंवा पार्टटाइम जॉब असेल, तर शेवटची मेट्रो किती वाजता, हेही आधी बघा.

आता करार. '११ महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला?' असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारीही मालकाची. ती झाली नसेल, तर वादात मालक उलट सिद्ध करेपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. वरच्या २१ हजारांच्या घराला साठ हजार डिपॉझिट धरलं, तरी मुद्रांक शुल्क सहाशेच्या आसपास येतं आणि शहरात नोंदणी फी हजार रुपये. तिघांच्या साठ हजारांसाठी एवढा खर्च काहीच नाही. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार आणि रंगकामाचे पैसे कोण देणार, हे करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासन घर सोडताना कुणाला आठवत नाही.

एक प्रश्न मात्र आपल्या हिशोबाबाहेरचा आहे. पुण्यात मेट्रो स्टेशनभोवतीच्या ५०० मीटरमध्ये चारपर्यंत एफएसआय देण्याचं धोरण आहे, म्हणजे तिथे जास्त मजले चढणार. त्यात विद्यार्थ्यांना झेपतील अशी भाड्याची छोटी घरं किती असतील? गाडी नसलेल्यांनाच स्टेशनपासून लांब राहावं लागलं, तर मेट्रो नेमकी कुणासाठी बांधली, हे विचारायला हवं.