प्राग पायी पाहावे

चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग पाहावयास दोनच दिवस हाती असले, की प्रवासी प्रेक्षणीय स्थळांची लांबलचक यादी करतो. यापेक्षा त्याने एकच वाट निवडावी आणि ती पायी चालावी, हे बरे. वाट दगडी फरसबंदीची आहे; तेव्हा पादत्राणे सवयीची असावीत!

जुन्या चौकातील नगरभवनावर १४१० सालचे खगोलीय घड्याळ आहे. तेथून थोडे चालले, की व्लतावा नदीवरील चार्ल्स पूल लागतो. सम्राट चौथ्या चार्ल्सने १३५७ साली त्याचा पाया घातला. सुमारे अर्धा किलोमीटर लांबीच्या या पुलावर आता वाहनांना मज्जाव आहे. दोन्ही कठड्यांवर मिळून ३० पुतळे आहेत. त्यांतील बरेचसे मात्र मूळ पुतळ्यांच्या प्रतिकृती आहेत. दुपारी येथे एवढी गर्दी लोटते, की पुतळ्यांऐवजी माणसांच्या पाठीच दिसतात. म्हणून पहाटेच निघावे.

“इतक्या दूर जाऊन एवढेच पाहावयाचे?” असे कोणी विचारील. परंतु मोटारीतून वीस स्थळे पाहणाऱ्यास सायंकाळी त्यांची नावेही धड आठवत नाहीत. पायी चालणारा पूल ओलांडून टेकडीवरील किल्ल्याचा चढ चढतो, क्षणभर टेकतो, आणि खाली पसरलेल्या तांबड्या कौलांत आपली वाट शोधू लागतो.