अर्धी इस्टेट नको, बाजाराचा रस्ता सांगा

आमचे अब्बा आठवडी बाजारात कापडाचं पाल लावायचे. माल गांधीनगरचा. कोल्हापूर परिसरातल्या किरकोळ कापडवाल्यांना विचारून बघा, बहुतेकांच्या गाठोड्याचा पत्ता गांधीनगरच निघेल. रमजानचा चाँद दिसायच्या आधी अब्बा तिथं जायचे, सोबत मी. एका सिंधी शेठच्या गादीवर बसून चहा व्हायचा, मग तागे उलगडायचे, भावाची घासाघीस चालायची आणि शेवटी लांबट लाल वहीत अब्बांच्या नावासमोर आकडा चढायचा. रोख थोडी, बाकी ईद झाल्यावर. ना जामीन, ना स्टॅम्पपेपर.

एकदा परतीच्या एसटीत मी विचारलं, “हे आपल्याला उधार का देतात?” अब्बा म्हणाले, “त्याच्या बापालाही कुणीतरी पहिला तागा उधारीवर दिला असेल. त्याशिवाय दुकान उभं राहतं का?”

गांधीनगर हे मुळात गाव नव्हतं, ती छावणी होती, हे मला खूप नंतर कळलं. आणि तीही आधी सिंध्यांची नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत फौजांनी पोलंडचा पूर्व भाग घेतला आणि तिथल्या लाखो लोकांना सैबेरिया, कझाकस्तानकडे हाकललं. १९४१ नंतर त्यातले काही सुटले, इराणमध्ये पोहोचले आणि तिथून जहाजानं कराचीला आले. १९४३ पासून त्यातल्या सुमारे पाच हजार जणांना कोल्हापूर संस्थानातल्या वळिवड्याला जागा मिळाली. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. बराकींमध्ये त्यांनी चुली मांडल्या, शाळा काढल्या, चर्च उभारलं, नाटकं केली. पाच-एक वर्षं ती माणसं आपल्या पंचगंगेच्या खोऱ्यात राहिली आणि मग इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशी पांगली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आजही उभा आहे.

पोलिश माणसं गेली आणि त्याच बराकींमध्ये फाळणीनं उखडलेले सिंधी आले. कराची, हैदराबाद, सक्करची दुकानं-घरं सोडून आलेले. भाषा वेगळी, जेवण वेगळं, ओळखपाळख शून्य. त्यांचं स्वागत फुलांनी झालं असं कुणी समजू नये. साप आणि सिंधी एकत्र दिसले तर आधी कुणाला मारावं, ही घाणेरडी म्हण आपल्याच लोकांच्या तोंडी होती. मीही ती लहानपणी ऐकलीय आणि हसलोही आहे.

तरीही गांधीनगर उभं राहिलं. तिकडे कल्याणजवळच्या लष्करी छावणीचं उल्हासनगर झालं. ‘सिंधी जात्याच व्यापारी, ते कुठेही उभे राहतात’ असं आपण म्हणतो आणि विषय संपवतो. हे उत्तर सोयीचं आहे, पण अर्धवट आहे. त्यांच्या हुशारीइतकीच एक व्यवस्थाही त्यांच्या पाठीशी होती. राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदानं पाकिस्तानातून आलेल्यांच्या नागरिकत्वाचा प्रश्न सोडवला. मागे राहिलेल्या मालमत्तेच्या भरपाईसाठी १९५४ साली कायदा झाला. त्या भरपाईत इथून तिकडे गेलेल्या मुसलमानांची घरंदारंही होती, हेही विसरू नये. फाळणीत एकाचं हरवलेलं घर दुसऱ्याचा आसरा झालं. डोक्यावर बराकीचं छप्पर होतं, हातात कागद होता आणि शेजारच्या शहरात धंदा करायला कुणाची परवानगी मागावी लागत नव्हती. कागद, छप्पर आणि बाजार. या तिन्हींनी मिळून निर्वासिताचा दुकानदार केला.

मला इथं मदिनेची गोष्ट आठवते. इ. स. ६२२ मध्ये मक्केतून परागंदा झालेले मुहाजिर मदिनेत आले तेव्हा पैगंबरांनी तिथल्या अन्सारांशी त्यांचं भाऊपण जोडून दिलं. एकेका स्थानिकाच्या वाट्याला एकेक परागंदा भाऊ. अब्दुर्रहमान बिन औफ यांना साद बिन रबी यांच्या घरी जागा मिळाली. साद श्रीमंत होते. ते म्हणाले, माझी अर्धी मालमत्ता तुझी. अब्दुर्रहमान यांनी त्यांना दुवा दिली आणि बाजार कुठे आहे तेवढं विचारलं. सुकवलेलं दही आणि तूप यांच्या उलाढालीपासून त्यांनी सुरुवात केली आणि पुढे मदिनेतल्या धनवंतांमध्ये गणले गेले. अन्सारांनी खजुराच्या बागाही वाटून द्यायची तयारी दाखवली होती. पैगंबरांनी वाटणी नको म्हटलं. मग मुहाजिरांनी बागांत राबावं आणि पिकात वाटा घ्यावा, असं ठरलं.

ही गोष्ट आमच्या मशिदींमधून दरवर्षी सांगितली जाते. सांगताना भर असतो तो अर्धी इस्टेट देऊ करणाऱ्या सादवर. मला मात्र अलीकडे बाजाराचा रस्ता विचारणारा तो पाहुणा जास्त महत्त्वाचा वाटू लागलाय. परक्या गावात आलेल्या माणसाला दया एक-दोन दिवस पुरते. नंतर त्याला रस्ता लागतो.

हे सगळं मला समजलेलं असताना मी काय केलं, ते सांगायला हवं.

आमच्या घरामागे दोन खोल्या आहेत, भाड्यानं देतो. काही महिन्यांपूर्वी पश्चिम बंगालमधल्या मालदाचा एक मजूर आला. सेंटरिंगचं काम, बायको, दोन मुलं. आधार कार्ड होतं, मतदार ओळखपत्र होतं. डिपॉझिट द्यायला तयार होता. शेजारी म्हणाले, “बंगाली बोलतोय, उद्या पोलीस आले तर तुम्हीच अडकाल.” मी त्याला सांगितलं, खोली आधीच दिलीय. तो ‘ठीक आहे भैया’ म्हणाला आणि गेला. त्याला खोटं कळलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

पंधरा वर्षांपूर्वी पुण्यात मी खोली शोधत होतो तेव्हा नाव सांगितलं की असेच चेहरे व्हायचे. “तुम्ही चांगले आहात हो, पण सोसायटीत चालत नाही.” त्या वाक्यावर मी लेख लिहिलेत, भाषणं केलीत. आणि वेळ आली तेव्हा तेच वाक्य थोडं बदलून मी एका गरीब मुसलमानाला ऐकवलं. तो तर परदेशीही नव्हता, याच देशाचा नागरिक होता.

इथं एक फरक स्पष्ट ठेवला पाहिजे. मालद्याचा मजूर स्थलांतरित आहे, देशात कुठेही राहायचा त्याला हक्क आहे. रोहिंग्या किंवा अफगाण कुटुंब निर्वासित आहे, त्याचा प्रश्न वेगळा. भारतानं १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे तिबेटींना वसाहती मिळतात, कुणाला फक्त संयुक्त राष्ट्रांचं कार्ड मिळतं, तर कुणाला तेही असून कोठडी. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यानं तीन शेजारी देशांतल्या सहा धर्मांच्या लोकांना दार उघडलं, त्यात मुसलमान नाहीत. छळ झालेल्या माणसाला आधी धर्म विचारायचा, हे मला पटत नाही. तोच प्रश्न कुणी मुसलमान देशानं हिंदू निर्वासिताला विचारला तरी पटणार नाही.

‘आपलेच लोक उपाशी, त्यात हे कशाला?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला लगेच द्वेष्टा ठरवू नये. यंत्रमागावर मजुरी घटलेल्या माणसाला नवा हात दिसला की धास्ती वाटते, ती खरी असते. पण मजुरी पडते ती परका आल्यामुळे कमी, आणि त्या परक्याला दाद मागता येत नसल्यामुळे जास्त. ज्याच्याकडे कागद नाही तो निम्म्या पैशात राबतो, कारण तक्रार केली तर तोच आत जाईल. त्याला नोंदणी आणि हक्क द्या, मालकाला स्वस्तातला माणूस मिळणार नाही. सुरक्षेचंही तसंच आहे. नोंद असलेला माणूस सापडतो, लपवलेला सापडत नाही. युगांडा आपल्यापेक्षा कितीतरी गरीब देश. तिथं पंधरा लाखांहून जास्त निर्वासित आहेत, त्यांना काम करायची आणि फिरायची मुभा आहे. मदतीतला ठरावीक हिस्सा आजूबाजूच्या स्थानिकांच्या शाळा-दवाखान्यांवर खर्च व्हावा, असं तिथलं धोरण सांगतं. यजमानाचंही पोट भरलं तरच पाहुणा टिकतो, एवढं साधं ते शहाणपण.

आणि सगळंच सरकारवर सोडायचीही गरज नाही. व्हिएतनाम, कंबोडिया, लाओसमधून लोक होड्यांतून पळत होते तेव्हा, १९७९-८० मध्ये कॅनडानं सुमारे साठ हजार जणांना घेतलं. त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांची जबाबदारी सामान्य नागरिकांनी, चर्चच्या मंडळांनी, शेजाऱ्यांच्या गटांनी उचलली. पाच जणांनी एकत्र यायचं, एका कुटुंबाचा वर्षभराचा खर्च बघायचा, घर शोधायचं, मुलांना शाळेत नेऊन बसवायचं, बस कशी पकडायची ते दाखवायचं. पैशांपेक्षा हे बस दाखवणं मला मोलाचं वाटतं. मदिनेतलं भाऊपण आणि कॅनडातले ते पाच शेजारी यांत मला फारसा फरक दिसत नाही.

आपल्या मोहल्ल्यात हे का होऊ नये? बाहेरून आलेल्या मुलाकडे वयाचा दाखला नाही म्हणून शाळेनं प्रवेश नाकारायचा नाही, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. पण हे मालद्याच्या बापाला कोण सांगणार? गावाकडचं रेशन कार्ड आता दुसऱ्या राज्यातही चालतं. वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केलेल्याला कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. दुकानदार फिरवाफिरव करतो, अर्ज मराठीत असतो, सही कुणाची लागते ते माहीत नसतं. एका शिकलेल्या पोरानं एक दुपार सोबत यायचं, एवढाच खर्च. जकातीच्या आठ हक्कदारांमध्ये वाटसरूचंही नाव आहे. आम्ही त्याला रमजानमध्ये शिधा देतो आणि पुढच्या महिन्यात खोली नाकारतो.

आणि मराठी. नवीन आलेल्याला ‘मराठी येत नाही का?’ म्हणून दरडावण्यापेक्षा त्याच्या बायकोला बाजारात चार वाक्यं शिकवणं जास्त मराठीपणाचं आहे. गांधीनगरचे शेठ अब्बांशी बोलायचे ते अस्सल कोल्हापुरी मराठीत. ती त्यांनी कुणाच्या धाकानं नाही, गिऱ्हाइकाशी बोलताना उचलली होती.

मालद्याच्या त्या माणसाला मी नंतर शोधलं. मुकादमाकडून कळलं, दुसऱ्या साइटवर पत्र्याच्या शेडमध्ये राहतोय, मुलं शाळेत नाहीत. भेटलो, माफी मागितली. खोली रिकामीच होती, पण तो आला नाही. काम तिकडे होतं म्हणाला. मोठ्या मुलीचं नाव तरी शाळेत घालू या, एवढं मी म्हटलं. त्यावर तो तयार झाला. सोमवारी जायचं ठरलंय.

अब्बांची लाल वहीतली शेवटची बाकी त्यांच्या इंतकालानंतर मी फेडायला गेलो होतो. शेठच्या मुलानं पान काढलं, आकडा दाखवला, पैसे मोजून घेतले आणि पान फाडायच्या ऐवजी खाली रेघ मारून माझं नाव लिहिलं. “खातं चालू राहू द्या,” म्हणाला.