पगार तेलाच्या भावावर, हप्ता मात्र ठरलेला

पेट्रोलियम अभियंत्याचा पगार ऐकला की पालकांना शैक्षणिक कर्जाची धास्ती उरत नाही. अमेरिकी सरकारच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये या पेशातला मध्यम पगार वर्षाला १,३५,६९० डॉलर होता. पालकांवर अवलंबून असलेल्या तिथल्या विद्यार्थ्याला पदवीसाठी सरकारी कर्ज मिळते ते सगळ्या वर्षांचे मिळून फार तर ३१,००० डॉलर. हे आकडे शेजारी ठेवले की कर्ज किरकोळ दिसते, आणि तेल तेजीत असताना ते खरोखरच लवकर फिटते. पण त्या पगारात वीस-वीस वर्षे विहिरींवर काढलेली माणसेही धरलेली आहेत. ज्यांना या पेशात नोकरीच लागली नाही ते मात्र हिशेबातच नाहीत. कर्ज फेडायचे असते नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलाला, आणि त्याचा पगार गुणांपेक्षा तो कोणत्या वर्षी बाहेर पडला यावर ठरतो.

२०१२ मध्ये कच्चे तेल पिंपाला शंभर डॉलरच्या वर होते, तेव्हा या शाखेकडे मुलांची रीघ लागली. ती मुले २०१६ मध्ये पदवीधर झाली, त्या जानेवारीत भाव तीस डॉलरच्या खाली गेला होता. २०१४ च्या शरद ऋतूत अमेरिकेत विहिरी खोदणारे १,९०० हून अधिक रिग चालू होते. मे २०१६ मध्ये उरले ४०४. रिग थांबला की ड्रिलिंग अभियंता, चिखलाचे मिश्रण तपासणारा, विहिरीला सिमेंट भरणारी टोळी, सगळ्यांचेच काम एकदम थांबते आणि नवी भरती तर सर्वांत आधी बंद होते. हा फटका वर्षभरात भरून निघत नाही. मंदीत बाहेर पडलेल्या कॅनडातील पदवीधरांच्या कमाईतली तूट भरून निघायला सुमारे दहा वर्षे लागल्याचे अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात आढळले आहे.

मुलांनीच तेलाचे चक्र ओळखून शाखा निवडावी, असे काही जण म्हणतात. चार वर्षांनंतरचा भाव तेल कंपन्यांनाही सांगता येत नाही; २०१४ मध्ये त्यांनीच तर नव्या विहिरींवर पैसा ओतला होता. मग तो अंदाज अठरा वर्षांच्या मुलाकडून कसा मागायचा? त्यापेक्षा हप्ताच उत्पन्नाप्रमाणे ठेवावा. तसे केले तर बोजा करदात्यावर पडेल, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. काही कर्ज बुडेलही. पण ऑस्ट्रेलियात १९८९ पासून कमाई ठरावीक मर्यादेच्या वर गेली की करव्यवस्थेतूनच वसुली होते, आणि चांगला पगार मिळवणारा अभियंता तिथे आपले कर्ज पूर्ण फेडतो.

आपल्याकडे बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत शिक्षण संपल्यावर साधारणतः वर्षभराने हप्ते सुरू होतात, मग नोकरी असो वा नसो. पुण्यात पेट्रोलियम अभियांत्रिकीची पदवी घेणाऱ्याला आणि कर्ज काढून टेक्सासला एमएसला जाणाऱ्यालाही हेच घड्याळ लागू आहे. ते बदलून हप्ता पगाराशी बांधावा. आणि महाविद्यालयांनी सर्वांत मोठ्या पॅकेजची जाहिरात करण्याऐवजी गेल्या दहा तुकड्यांचा मध्यम पगार, नोकरी न लागलेल्यांच्या संख्येसह, प्रवेशाआधी पालकांच्या हाती द्यावा.