आधी अब्बांनी वाचावं



एप्रिलचा दुसरा आठवडा लागला की माझा फोन वाजू लागतो. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण जुने विद्यार्थी आता स्वतः आई-बाप झाले आहेत. ते विचारतात, "गुरुजी, सुट्टीत पोरांना काय वाचायला देऊ? नुसता मोबाइल धरून बसतात." पूर्वी मी चार नावं सांगून मोकळा व्हायचो. गेल्या वर्षापासून मी उलट विचारतो, "तू स्वतः शेवटचं पुस्तक कधी वाचलंस?" पलीकडे एकदम शांतता. मग हळूच उत्तर येतं, "दुकानातून वेळच मिळत नाही हो, गुरुजी."

त्यांना बोलण्याचा मला फारसा अधिकार नाही. माझी मुलगी चौथीत होती, स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसणार होती. एका दुपारी ती अभ्यासाच्या पुस्तकात लपवून 'फास्टर फेणे' वाचताना सापडली. मी ते काढून घेतलं आणि कपाटावर ठेवलं. "परीक्षा झाल्यावर देतो," म्हणालो. परीक्षा झाली, स्कॉलरशिपही मिळाली. पण पुस्तक तिने परत मागितलं नाही आणि मलाही आठवण राहिली नाही. आता ती पुण्यात असते. गेल्या मे महिन्यात मुलांना घेऊन आली होती. तिचा मुलगा माझ्या कपाटातून एक पुस्तक ओढत होता, तेवढ्यात स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "ते नंतर. आधी गणिताचं वर्कबुक पुरं कर." अगदी माझ्याच सुरात. मी पेपर तोंडासमोर धरून बसून राहिलो.

तर यंदाची यादी मोठ्यांपासून सुरू करतो. हिरा गुहेत आलेला पहिला हुकूम वाचनाचा होता, हे आपण प्रत्येक जलशात ऐकतो. मी स्वतःही अशी भाषणं केली आहेत. जलसा संपवून घरी आलो की कपाटात वर रेशमी जुजदानात कुरआन शरीफ आणि खाली मुलांची पाठ्यपुस्तकं, मधलं सगळं रिकामं. मूल हे रोज बघतं. अब्बांच्या हातात फोन असताना त्याच्या हातात पुस्तक कसं टिकणार?

अब्बांसाठी पहिलं पुस्तक सांगतो, व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी'. 1955 साली आलेली ही कादंबरी जेमतेम दोन-तीन बैठकांत संपते. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर कोवळ्या वयाचा मास्तर येतो. शाळेत पोरं नाहीत, कारण पोरं मेंढरांमागे गेलेली. हळूहळू तो वाडीचा होतो, तिची पत्रं लिहितो, भांडणं सोडवतो आणि शेवटी दुष्काळ वाडीच उठवतो. माझी पहिली नेमणूक जत तालुक्यातल्या अशाच एका वस्तीवर झाली होती. एकशिक्षकी शाळा, आणि सगळ्या वस्तीत मुसलमानाचं घर एकही नाही. जाताना अम्मी रडली होती. पण वस्तीने मला पहिल्या दिवसापासून गुरुजीच म्हटलं आणि माझ्या नमाजाच्या वेळा पोरांना पाठ झाल्या. तिथे कंदिलाच्या उजेडात मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं. त्यातला मास्तर वाडीसाठी तालीम बांधून घेतो. मराठीत तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, उर्दूत शिक्षण. मास्तराच्या हातून दोन्ही होतात, याची मला तेव्हा फार गंमत वाटली होती.

दुसरं 'श्यामची आई'. हे नाव वाचून तुम्ही पान उलटणार, म्हणून थांबवतो. आपण सगळ्यांनी ते शाळेत वाचलं, म्हणजे धडा म्हणून वाचलं आणि प्रश्नोत्तरं लिहिली. चाळिशीनंतर पुन्हा वाचा, आणि श्यामकडून नाही, आईकडून वाचा. कर्ज वाढतंय, घरातलं एकेक जातंय, आणि तरी ती मुलाला खोटं बोलू देत नाही. साने गुरुजींनी हे 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. फार कमी घरांना माहीत आहे की याच साने गुरुजींचं 'इस्लामी संस्कृती' नावाचं पुस्तक आहे आणि त्यात त्यांनी हजरत मुहम्मद पैगंबरांचं (स.) जीवन मोठ्या आदराने मांडलं आहे. आपल्या शेजाऱ्याला भेट द्यायचं असेल तर याहून चांगलं मराठी पुस्तक मला सुचत नाही. मिळवायला थोडी खटपट पडेल, ग्रंथालयात विचारा.

घरातल्या बायकांसाठी मी दोन पुस्तकं सांगतो. खरं तर ती पुरुषांनीही वाचावीत. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' हे पहिलं. नवरा, म्हणजे कवी रेव्हरंड टिळक, 1895 मध्ये ख्रिस्ती झाला आणि या बाईचा संसार मधोमध तुटला. काही वर्षं ती वेगळी राहिली. फारसं शिक्षण नाही, पण लिहिण्यात इतका हसरा मोकळेपणा, की आपली एखादी खाला ओट्यावर बसून सांगते आहे असं वाटावं. धर्म आणि घर यांची ओढाताण आपल्या ओळखीची आहे, म्हणून वाचा.

दुसरं मेहरुन्निसा दलवाई यांचं 'मी भरून पावले आहे'. हमीद दलवाईंचं नाव काढलं की आपल्याकडे अजून भुवया वर जातात. त्यांची सगळी मतं मलाही पटत नाहीत. पण हे एका पत्नीचं आत्मकथन आहे. अशा माणसाबरोबर संसार करणं, घरचं भागवणं, त्याचं आजारपण काढणं, हे ती सांगते. मराठीत मुसलमान बाईने स्वतःबद्दल लिहिलेली पुस्तकं हातावर मोजावीत इतकी. नवऱ्याशी मतभेद म्हणून बायकोचं ऐकायचंच नाही, हा न्याय मला मान्य नाही.

तरुण मुलांना गझलेचं वेड असतं. मोबाइलवर गालिब ऐकतात, पण अर्थ विचारला की अडखळतात. त्यांच्या हातात इलाही जमादारांचं 'जखमा अशा सुगंधी' ठेवा. सांगली जिल्ह्यातल्या दुधगावचा हा शायर गझल मराठीतच लिहीत होता. आपल्या घरात दोन भाषा नांदतात याची लाज वाटायचं कारण नाही, उलट हा आपला नफा आहे, हे त्या पोरांना आपोआप कळेल.

आता मुलांकडे येतो. एका अम्मीने मला विचारलं होतं, "गुरुजी, या मराठी गोष्टींत आपलं कुणी असतं का?" प्रश्न अगदी रास्त आहे. माझ्या वाचनात मराठी बालपुस्तकांत आपला माणूस आलाच तर अत्तरवाला, टांगेवाला किंवा पठाण म्हणून येतो. वर्गात बसलेला, गृहपाठ विसरलेला, क्रिकेटमध्ये पहिल्याच चेंडूवर बाद झालेला सलीम क्वचितच भेटतो. ही उणीव आहे आणि ती आपल्याच मुलांना पुढे लिहून भरून काढावी लागेल. तोपर्यंत काय?

तोपर्यंत 'ईदगाह' आहे. मुन्शी प्रेमचंदांची ही गोष्ट हिंदीतही आहे आणि उर्दूतही. लिपी देवनागरीच, त्यामुळे मराठी वाचणाऱ्या मुलाला हिंदीतली जड जात नाही. पोरका हमीद, खिशात तीन पैसे, बरोबरची मुलं खेळणी आणि मिठाई घेतात आणि हा दादीसाठी चिमटा घेतो, कारण रोट्या भाजताना अमीना दादीची बोटं पोळतात. यंदा बकरी ईद सुट्टीतच येते आहे. आदल्या संध्याकाळी सगळ्यांना बसवून ही मोठ्याने वाचा. मी वाचली तेव्हा माझ्या नातीने विचारलं, "नाना, पण त्याला खेळणं हवं होतं ना?" तिच्या नानीने उत्तर दिलं, "हवं होतं गं." आणि ती उठून आत गेली. मुलांना गोष्टीत हमीद दिसतो, मोठ्यांना दादी दिसते. एकाच वाचनात दोन्ही पिढ्यांना पुरेल अशी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

'तोत्तोचान' हे जपानी पुस्तक. तेत्सुको कुरोयानागी या लेखिकेने स्वतःच्या शाळेबद्दल लिहिलेलं. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी ते मराठीत आणलं. एका शाळेने काढून टाकलेली खट्याळ मुलगी नव्या शाळेत जाते. तिथे वर्ग भरतात ते रेल्वेच्या जुन्या डब्यांत. हेडमास्तर कोबायाशी पहिल्याच दिवशी तिचं बोलणं तब्बल चार तास ऐकून घेतात. मी इतकी वर्षं शिकवलं, पण एका मुलाचं चार तास ऐकल्याचं मला आठवत नाही.

पण मला त्यातलं जेवणाच्या सुट्टीचं प्रकरण जास्त आवडतं. मुलांच्या डब्यात समुद्राकडचं काही आणि जमिनीवरचं काही असावं, एवढीच हेडमास्तरांची अपेक्षा. ते स्वतः फिरून प्रत्येकाचा डबा बघतात, आणि कुणाच्या डब्यात एखादी गोष्ट नसेल तर त्यांची बायको आपल्या पातेल्यातून वाढते. कुणाचा डबा उघडा पडत नाही. आपल्या मुलांचा डबा हा नाजूक विषय आहे. कितीतरी आया मला सांगतात, "रोज बटाट्याची भाजीच देते, उगाच कुणी वाकून बघायला नको." ते प्रकरण मुलाबरोबर वाचा आणि मग विचारा, तुझ्या वर्गात डबे कसे उघडतात? काय उत्तर येईल ते ऐकायची तयारी ठेवा. शिक्षक मंडळी हा अंक वाचत असतील तर त्यांनीही वाचावं.

मोठ्या मुलांना, म्हणजे सातवी-आठवीच्या, वीणा गवाणकरांनी लिहिलेलं सालिम अलींचं चरित्र द्या. हा मुंबईच्या खेतवाडीत मामाकडे वाढलेला पोरका मुलगा. त्याने एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही खाणं आपल्याला जायज आहे का, अशी शंका येऊन तो ती मामाकडे, अमीरुद्दीन तय्यबजींकडे, घेऊन गेला. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं आणि तिथून भारताचा सगळ्यात मोठा पक्षीतज्ज्ञ घडला. आपलं मूल असा प्रश्न घेऊन आलं तर आपण काय करतो? हो किंवा नाही सांगून मोकळे होतो. मामांनी त्याला आणखी पुढे विचारायला पाठवलं.

अब्दुल कलामांचं 'अग्निपंख' घरोघरी आहे, बक्षीस म्हणून आलेलं आणि न उघडलेलं. माधुरी शानभागांचा अनुवाद सोपा आहे. सगळं जमलं नाही तर रामेश्वरमचं बालपण तरी वाचा. भावाच्या प्रवेशाच्या फीसाठी झोहरा आपाने सोन्याच्या बांगड्या गहाण ठेवल्या, ते मुलींना दाखवा आणि मुलांना तर नक्कीच दाखवा. क्षेपणास्त्रांची पानं नंतर वाचता येतील.

अगदी लहानांना विंदा करंदीकरांच्या बालकविता. 'राणीची बाग' घ्या किंवा 'एटू लोकांचा देश'. 'पिशी मावशी आणि तिची भुतावळ' या नावावरून माझ्या बहिणीने नाक मुरडलं होतं, "भुताखेतांचं कशाला?" दोन कविता झाल्यावर तीच पुढची वाच म्हणू लागली. आणि भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' राहिलाच. फुरसुंगीचा हा किडकिडीत पोरगा कुणाच्याही भानगडीत नाक खुपसतो आणि सुटतो. यातून काही शिकायला मिळतं का, असं विचारू नका. मी तेच विचारलं होतं.

बरीच मुलं आता इंग्रजी शाळेत जातात, त्यांना मराठी अक्षर लागतं पण वाक्य पळत नाही. त्यांना पुस्तक देऊन "वाच" म्हणणं म्हणजे शिक्षा. तुम्ही वाचा, त्यांनी ऐकावं. उन्हाळ्यात असर ते मगरीब चांगला दीड तास मिळतो. ऊन उतरलेलं असतं, मुलं अजून बाहेर पळालेली नसतात. त्यातली वीस मिनिटं पुरे. गोष्ट रंगात आली की अजान होईल, तेव्हा तिथेच पुस्तक मिटा. दुसऱ्या दिवशी मुलंच पुस्तक घेऊन समोर येतील. हा माझा जुना डाव आहे, वस्तीवरच्या पोरांवरही चालायचा.

पैशांची अडचण असेल तर गावच्या सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी भरा. ती ईदच्या एका जोड्यापेक्षा नक्कीच कमी असते. आमच्या मोहल्ल्यात तीन घरांनी मिळून एक पेटी केली आहे. प्रत्येकाने चार पुस्तकं टाकली, रविवारी अदलाबदल. सध्या 'बनगरवाडी' आमच्या पिठाच्या गिरणीवाल्याकडे आहे आणि तो परत द्यायचं नाव घेत नाही.

मुलगी यंदा 10 मेला येते आहे. कपाटावरचा 'फास्टर फेणे' मी खाली काढला आहे, धूळ झटकली आहे. कव्हर फाटलंय, पण पानं सगळी आहेत. नातवाला नाही, तिलाच देणार आहे. घेते की नाही, ते पुढच्या अंकात कळवतो. तुमच्या घरी काय वाचलं जातंय, तेही मासिकाच्या पत्त्यावर जरूर लिहा.