तारेचे मालक

मायक्रोसॉफ्टने मे १९९९ मध्ये ए. टी. अँड टी. या दूरध्वनी कंपनीत पाच अब्ज डॉलर्स गुंतवले, तेव्हा मक्तेदारीचा गैरवापर केल्याबद्दल अमेरिकी सरकारने तिच्यावर भरलेला खटला वॉशिंग्टनच्या न्यायालयात चालूच होता. एका मक्तेदारीचा जाब देत असतानाच दुसरीची पायाभरणी व्हावी, याचे भांडवलशाहीच्या अभ्यासकाला नवल वाटू नये.

संगणकप्रणाली विकणाऱ्यांना तारेत एवढा रस का? वेगवान इंटरनेट तेव्हा घरात मुख्यतः दोन वाटांनी येत होते: टेलिफोनची तार आणि केबल टीव्हीची तार. ए. टी. अँड टी.ने टीसीआय ही प्रचंड केबल कंपनी घेतली होती आणि मीडियावन घेण्याची तिची खटपट चालू होती. मायक्रोसॉफ्टच्या पैशाबरोबर करार आला, की टीव्हीला जोडायच्या आणखी किमान २५ लाख पेट्यांत विंडोज सीई हीच प्रणाली वापरावी. १९९७ साली कॉमकास्ट या केबल कंपनीत घातलेले एक अब्ज डॉलर्सही याच हिशेबातले. घोडा कोणताही जिंको, खोगीर आपले असावे!

याला स्पर्धा म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः ग्राहकाच्या दाराशी येणारी केबल बहुधा एकच. पोर्टलंड शहराने ती इतर सेवा-कंपन्यांना खुली करण्याची अट घातली, तेव्हा ए. टी. अँड टी. न्यायालयात गेली, शहराला तो अधिकारच नाही, असा निकाल अपील न्यायालयाने २००० साली दिला. पुढे २००२ मध्ये केंद्रीय दळणवळण आयोगाने केबलवरील इंटरनेट ही 'माहिती-सेवा' ठरवली आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. तार सर्वांना सारख्या अटींवर वापरू देण्याचे टेलिफोन कंपन्यांवरील जुने बंधन केबलमालकांना लागू होऊ नये, यासाठी एका शब्दाची व्याख्या पुरेशी ठरली.

पेट्यांचा बेत फारसा फळला नाही. ए. टी. अँड टी.चा केबल व्यवसाय २००२ साली कॉमकास्टकडे गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या दोन्ही गुंतवणुका एकाच घरात नांदू लागल्या. गंमत म्हणजे २००६ साली हीच मायक्रोसॉफ्ट, तारमालकांनी भेदभाव करू नये असा कायदा करा, अशी मागणी करणाऱ्यांत सामील झाली!

टेनेसीतील चॅटनूगा शहराने निराळी वाट धरली. तेथील सार्वजनिक वीजमंडळाने २०१० साली स्वतःच्या तारांवरून एक गिगाबिट वेगाची सेवा आपल्या क्षेत्रातील सर्व ग्राहकांना देऊ केली. ती उभी राहू नये म्हणून २००८ साली कॉमकास्ट न्यायालयात गेली होती.