गी रू व धीराचें फळ

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला म्हणजे शाळेच्या दारीं दोन प्रकारचे पालक येतात. कांहीं आभार मानावयास येतात, कांहीं मुलाचा दाखला मागावयास. दुसऱ्यांचें म्हणणें बहुधा एकच असतें : वर्ष झालें, मुलांत पालट दिसत नाहीं, आतां दुसरी शाळा पाहूं. क्रीडांगणावरही हीच रीत पडली आहे. लागोपाठ चार सामने हरले कीं संघाचा शिक्षक बदला, असा ओरडा होतो. अशा या घाईच्या दिवसांत फ्रान्स देशांतील एका फुटबॉल-शिक्षकाचें चरित्र विद्यार्थ्यांपुढें, व त्याहूनही अधिक पालकांपुढें, ठेवावें असें आम्हांस वाटतें. त्या शिक्षकाचें नांव गी रू.

पॅरिसच्या आग्नेयेस सुमारें १७० किलोमीटरांवर, बर्गंडी प्रांतांत, योन नदीच्या कांठीं ओसेर नांवाचें गांव आहे. वस्ती चाळीस हजारांच्या आंत. आसपासचा प्रदेश द्राक्षमळ्यांचा. १९०५ सालीं आबे देशाँ नामक एका धर्मगुरूंनीं येथील तरुणांकरितां एक क्रीडामंडळ काढलें. 'ओसेरच्या तरुणांचें मंडळ' असाच त्याच्या नांवाचा अर्थ आहे, आणि आजही तेथील क्रीडांगण त्या धर्मगुरूंच्याच नांवानें ओळखलें जातें. मिशनच्या शाळेंत शिकणाऱ्या आमच्या वाचकांस ही गोष्ट परकी वाटूं नये.

गी रू यांचा जन्म १९३८ चा. किशोर वयांत ते याच मंडळाकडून खेळले व पुढें इतर गांवच्या संघांतही गेले. परंतु खेळाडू म्हणून त्यांची गणना मध्यम प्रतीच्यांतच होई. १९६१ सालीं, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षीं, त्यांनीं ओसेर मंडळाचे अध्यक्ष झाँ गार्निए यांस पत्र लिहून संघ शिकविण्याची इच्छा कळविली. सर्वांत थोडें वेतन त्यांनींच मागितलें म्हणून त्यांची निवड झाली, असें सांगतात. संघ त्या वेळीं प्रांतिक पातळीवरचा होता, आणि रू त्यांत स्वतः खेळून इतरांस शिकवीत. सैनिकी सेवेचा काळ व २००० सालानंतरचा एका हंगामाचा विसावा एवढा वगळला, तर २००५ पर्यंत तोच संघ, तेंच मैदान व तोच शिक्षक !

आतां वाचकांनीं पुढील सालें सावकाश वाचावीं. १९७० सालीं संघानें प्रांतिक पातळी ओलांडली. १९७४ सालीं तो राष्ट्रीय दुसऱ्या वर्गांत चढला. १९७९ सालीं दुसऱ्या वर्गांत असतांनाच त्यानें फ्रेंच चषकाचा अंतिम सामना गांठला. तेथें नाँतच्या संघानें त्यास जादा वेळांत ४-१ असें हरविलें. १९८० सालीं तो पहिल्या वर्गांत आला. फ्रेंच चषक प्रथम हातीं आला तो १९९४ सालीं, आणि १९९६ सालीं देशाचें विजेतेपद व चषक हीं दोन्हीं एकाच वर्षीं मिळालीं. पुढें २००३ व २००५ सालीं चषक पुन्हां ओसेरास आला. म्हणजे पहिल्या वर्गाची पायरी चढावयास एकोणीस वर्षें, व शिखर गांठावयास पस्तीस वर्षें लागलीं.

रू यांची पद्धत इतरांहून निराळी होती. श्रीमंत मंडळें तयार खेळाडू विकत घेत. रू यांनीं मुख्यत्वें मुलें वाढविण्यावर भिस्त ठेवली. त्यांच्या काटकसरीची तर सर्व देशांत थट्टा होई. इतर संघांनीं आपापल्या जागेचें रक्षण करण्याची नवी रीत उचलल्यावरही, प्रत्येक रक्षकानें एका प्रतिस्पर्ध्यास धरून राहावें ही जुनी रीत त्यांनीं दीर्घकाळ सोडली नाहीं. एरिक कँटोना पंधराव्या वर्षीं त्यांच्याकडे आला. सतराव्या वर्षीं त्यानें पहिल्या वर्गांतील पहिला सामना खेळला. मुलगा विलक्षण गुणी, पण तितकाच तापट. रू यांनीं त्यास टाकून दिलें नाहीं. कांहीं काळ खालच्या वर्गांतील संघाकडे धाडून परत बोलाविलें. बाझिल बोली, जिब्रिल सिसे हेही त्यांच्याच हाताखालीं तयार झाले. १९९८ सालीं जगज्जेत्या ठरलेल्या फ्रान्सच्या बावीस खेळाडूंत तीन या लहानशा गांवच्या संघाचे होते.

त्यांच्या एका रीतीविषयीं मात्र मतभेद होणें साहजिक आहे. रात्रीं खेळाडू बाहेर भटकूं नयेत म्हणून ते त्यांच्या वाहनांचे मैल मोजीत, फटफट्यांना सांखळी लावीत, आणि पॅरिसच्या वाटेवरील टोलनाक्याच्या माणसांकडूनही कोण गेला याची बातमी काढीत, अशा कथा प्रसिद्ध आहेत. हा पहारा प्रौढ खेळाडूंवर असावा हें आम्हांसही पसंत नाहीं. ज्यावर सदा पाळत असते तो स्वतःस आवरण्यास केव्हां शिकणार? परंतु घरापासून दूर आलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची गोष्ट वेगळी. त्याच्या बाबतींत आमचें मत असें कीं, असा अधिकार शिक्षकाच्या पदांतून येत नाहीं, सहवासांतून येतो. जो वर्षभरानें निघून जाणार त्यानें घातलेला निर्बंध मुलास चौकीसारखा वाटतो. जो आपलें आयुष्य तेथेंच वेंचीत आहे त्याच्या निर्बंधांत मुलास काळजीही दिसते.

या यशाचें सारें श्रेय एकट्या रू यांसही देतां येणार नाहीं. १९६३ सालीं झाँ-क्लोद आमेल हे मंडळाचे अध्यक्ष झाले, आणि २००९ पर्यंत ते त्या पदावर राहिले. संघ खालच्या वर्गांत खेळत असतां, चषक हातचा गेला असतां, या गृहस्थांनीं शिक्षक बदलला नाहीं. शुभवर्तमानांत अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. फळ नाहीं म्हणून धनी तें तोडावयास निघतो, व माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो. त्या दाखल्यांतील माळ्याची स्तुति आपण पुष्कळ ऐकतों. मुदत देणें न देणें हें मात्र धन्याच्या हातीं असतें. ओसेरास मुदत देणारा धनी मिळाला, म्हणून माळ्याचें कसब जगास दिसलें.

रुजलेलें झाड उपटून दुसरीकडे लावणें किती अवघड, हेंही याच चरित्रांत दिसतें. २००७ सालीं, उतारवयांत, रू लाँस येथील संघाकडे गेले आणि पहिल्या वर्गाचे अवघे चार सामने होतांच पद सोडून आले. ओसेरचा संघही त्यांच्या मागें २०१० सालीं तिसरा आला खरा, पण २०१२ सालीं पहिल्या वर्गांतून खालीं उतरला. कोणतेंही यश कायमचें नसतें. पण गी रू यांनीं पहिल्या वर्गांत शिकविलेल्या ८९४ सामन्यांपैकीं ८९० एकाच मंडळाचे होते, ही निष्ठा हारजितीच्या हिशेबांत मावणारी नव्हे.

पालकवर्गास आमची विनंति इतकीच कीं, मुलाची परीक्षा करतांना त्याच्या शिक्षकांस व त्याच्या मुळांस किती काळ मिळाला हें आधीं पाहावें. आणि विद्यार्थ्यांनीं हें विसरूं नये कीं, त्या माळ्यानें मुदत मागितली ती झाडाभोंवतीं खणण्यासाठीं व खत घालण्यासाठीं, सावलींत बसण्यासाठीं नव्हे. गी रू यांसही पहिलीं एकोणीस वर्षें कोणी फुकट दिलीं नव्हतीं. सैनिकी सेवेचा काळ सोडला, तर त्यांतील प्रत्येक हंगामीं ते मैदानावर उभे होते.